साडेचार एकर फुलपाखरं

मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यात, तीन हजार मीटर उंचीवरच्या जंगलात, धापा टाकत पोचलेला माणूस मान वर करून पहिला प्रश्न विचारतो तो असा: "कुठं आहेत?"

मार्गदर्शक बोट दाखवतो. माणूस बोटाच्या दिशेनं बघतो. तिथं ओयामेल नावाच्या फर जातीच्या झाडांची रांग असते आणि त्यांच्या फांद्यांना वाळक्या पानांचे लोंबते घोस. माणूस त्या घोसांच्या मागं बघतो, बाजूला बघतो, शेवटी मार्गदर्शकाच्या बोटाकडंच बघतो. मग उलगडा होतो की ती पानं नव्हेतच. तीच मोनार्क फुलपाखरं. पंख मिटून, एकाला एक बिलगून, हजारोंनी लटकलेली. मिटल्या पंखांची बाहेरची बाजू फिकट, मळकट पिवळी. जाहिरातीतला तो झळझळीत नारिंगी रंग आतल्या अंगाला, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या बाजूला. यावर दुसरा प्रश्न ठरलेला: "उडत का नाहीत?"

उडत नाहीत कारण थंडी असते. साधारण १३ अंशांखाली या फुलपाखराला उडताच येत नाही. आणि खरं सांगायचं तर उडणं त्याला परवडणारंही नसतं. कॅनडा आणि अमेरिकेच्या ईशान्य-मध्य भागातून निघून, कधी कधी तर चार हजार किलोमीटर तुडवून ते इथं येतं. वाटेत, विशेषतः टेक्सासमध्ये, फुलांवर बसून अंगात चरबी साठवतं आणि त्या शिदोरीवर नोव्हेंबर ते मार्च काढतं. उगाच उडालं तर शिदोरी संपते. थोडक्यात, मोनार्क इथं उडायला येत नाही, न उडायला येतं. आणि आपण विमानाची तिकिटं काढून, व्हॅनमध्ये हाडं खिळखिळी करून घेऊन, रीतसर वाटाड्या लावून, कोट्यवधी जिवांची झोप बघायला जातो.

आमच्यात हे भूत शिरलं ते भाचीमुळं. ती टेक्सासात राहते. ऑक्टोबरात ही फुलपाखरं तिच्या अंगणावरून दक्षिणेला जातात. "मावशी, इतकी जातात कुठं ते एकदा बघायचंच," असं म्हणून तिनं माझं, तिचं आणि माझ्या ताईचं, म्हणजे तिच्या आईचं, फेब्रुवारीतल्या एका सहलीत नाव घालून टाकलं. ताईचं सासर सांगलीकडचं, द्राक्षबागायतदारांचं. जगातली कुठलीही गोष्ट ताई क्षेत्र, उतारा आणि भाव या तीन मापांत बसवून बघते. विमानात तिनं मला विचारलं, "फुलपाखरं ठीक आहेत गं, पण त्यांचं पुढं करतात काय?"

सहलीच्या आधी सही करायला एक कागद आला. घोड्यावरून पडलात, पायरीवरून घसरलात, उंचीमुळं चक्कर आली, तर जबाबदारी तुमची. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत: फुलपाखरांचं उडणं हवामानावर अवलंबून आहे, त्यासाठी पैसे परत मिळणार नाहीत. ताईनं चष्मा लावून ही ओळ दोनदा वाचली. "विमा कंपनीवालेच दिसतात," म्हणाली आणि सही केली. अवकाळीनं बाग झोपलेल्या माणसाला या ओळीचा अर्थ आम्हा इतरांपेक्षा लवकर कळला असावा.

मेक्सिको सिटीहून पश्चिमेला सिताकुआरोच्या बाजूनं डोंगरात शिरलं की एकामागून एक अभयारण्यं लागतात. एल रोसारियो सगळ्यांत मोठं आणि गर्दीचं. जवळच आंगांगेओ या जुन्या खाणगावावरचं सिएरा चिंकुआ. शिवाय सेरो पेलोन, पिएद्रा एर्रादा. व्हॅनमध्ये आमच्या सहलीची प्रमुख बाई माइकवरून इतिहास सांगत होती आणि वळणं इतकी होती की इतिहास ऐकणारे निम्मे डोळे मिटून लिंबू हुंगत होते. पण इतिहास आहे मोठा गमतीचा.

टोरांटोचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी ही फुलपाखरं थंडीत जातात कुठं याचा कित्येक दशकं पिच्छा पुरवला. त्यासाठी फुलपाखराच्या पंखाला चिठ्ठी चिकटवायची. पहिल्या चिठ्ठ्या पोस्टाच्या तिकिटासारख्या ओल्या करून लावायच्या होत्या. पाऊस आला, सगळ्या सुटून पडल्या. मग गोंद बदलला, हजारो हौशी लोकांना चिठ्ठ्या वाटल्या, नोराबाईंनी मेक्सिकोतल्या वर्तमानपत्रांत मदतीचं आवाहन केलं. त्याला केन ब्रुगर या गृहस्थांनी उत्तर दिलं. ते आणि मिचोआकानमध्येच जन्मलेली कातालिना आग्वादो रानोमाळ हिंडले आणि २ जानेवारी १९७५ रोजी सेरो पेलोनच्या डोंगरावर त्यांना ती झाडं सापडली. यातली मौज अशी की ब्रुगर रंगांध होते असं सांगतात. म्हणजे जगातला सगळ्यांत नारिंगी डोंगर पहिल्यांदा 'शोधणाऱ्या' दोघांपैकी एकाला नारिंगी दिसतच नव्हता. ऑगस्ट १९७६ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'च्या मुखपृष्ठावर फुलपाखरांनी वेढलेली कातालिना झळकली. त्याच वर्षी जानेवारीत, साठी ओलांडलेले अर्कहार्ट स्वतः धापा टाकत वर गेले. भारानं एक फांदी मोडून पडली आणि खाली पडलेल्या ढिगात त्यांना मिनेसोटात शाळकरी मुलांनी चिठ्ठी लावलेलं फुलपाखरू सापडलं. लॉटरी लागणं म्हणतात ते हे.

"म्हणजे गावातल्या लोकांना आधी माहीतच नव्हतं?" ताईनं मागून विचारलं.

माहीत नसायला काय झालं? पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मेक्सिकोत मृतांचे दिवस पाळतात नेमके त्याच सुमाराला ही फुलपाखरं डोंगरात उतरतात. इथले पुरेपेचा आणि मासाहुआ लोक मानत आले की हे आपले पूर्वजच भेटायला आले. गावाला ठाऊक होतं की येतात, कुठून ते ठाऊक नव्हतं. टोरांटोला ठाऊक होतं की जातात, कुठं ते ठाऊक नव्हतं. दोघांची गाठ पडली त्याला शोध म्हणतात. ताईचं लक्ष पूर्वजांवर अडकलं होतं. "बघ, यांचे पितर फुलपाखरू होऊन येतात. आपल्या वाट्याला कावळा. तोही वेळेवर शिवत नाही."

एल रोसारियोला उतरलो आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं. गाड्यांचा तळ, तिथून सुरू होणारी दुतर्फा दुकानं, दुकानांत फुलपाखरू-छाप टोप्या, चुंबकं, शाली, किल्ल्यांचे जुडगे. पुढं तिकीट खिडकी, मग शेकडो पायऱ्या, ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांच्यासाठी वाहन, आणि वर गाभाऱ्यापाशी दोर बांधून "झालं, पुढं चला" म्हणणारा माणूस. जेजुरी-वणी केलेल्या माणसाला इथं वाटाड्याची गरज नाही. पण वाटाड्या सक्तीचा आहे. बाहेरची सहलीची बाई वेगळी, आत गेल्यावर गावचा मार्गदर्शक वेगळा. गावाच्या सामायिक जमिनीला तिथं एहिदो म्हणतात, आणि जंगल त्या एहिदोचं. तेव्हा आत नेणारा माणूस गावचाच.

उंचीचं सांगायला हवं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. तिथं आपण पोचल्यावर फोटो काढून पेढे वाटतो. इथं वाहनतळच त्याच्या पावणेदोनपट उंचीवर आहे आणि चढण तिथून सुरू होते. दहा पायऱ्यांत कळतं की हवेत काहीतरी कमी आहे. आमच्या गटात मनगटावर पावलं मोजायचं यंत्र बांधलेले एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ होते; व्हॅनमध्ये ते आपल्या रोजच्या चालण्याचे आकडे सांगत होते. पंधराव्या मिनिटाला त्यांनी यंत्राकडं बघणं सोडलं आणि घोड्याकडं बघायला सुरुवात केली.

ताईनं घोडा खालूनच घेतला, पण भाव केल्याशिवाय नाही. ती मराठीत, घोडेवाला स्पॅनिशमध्ये. दोघंही बोटांवर. मधे भाचीनं दुभाष्याचं काम करायचा प्रयत्न केला तर दोघांनी तिला गप्प बसवलं. भाव एका पेसोनंही उतरला नाही, तरी दोघं समाधानानं हसत बाजूला झाले. घोडा वाटेवर स्वतःच चालतो, थांबायच्या ठिकाणी स्वतःच थांबतो. घोडेवाला त्याच्यापुढं चालत मोबाइल बघतो. शेवटचा टप्पा मात्र सगळ्यांना पायीच.

तिथं पाटी आहे: शांतता. हा नियम वाचायला सोपा. पण ज्या माणसानं एवढा खर्च करून, एवढं चढून, आयुष्यात पहिल्यांदा फुलपाखरांनी वाकलेली फांदी बघितली त्यानं ते शेजाऱ्याला सांगायचं नाही, हे माणसाच्या जातीला जमण्यासारखं नाही. सगळे कुजबुजतात. ताईही कुजबुजते, पण तिची कुजबूज शेजारच्या शिवारात ऐकू जाते. "एका फांदीवर किती असतील?" मार्गदर्शकानं ओठावर बोट ठेवलं. भाचीनं ओठावर बोट ठेवलं. कॅमेऱ्याची नळी तोफेसारखी रोखून बसलेल्या कॅनडाच्या बाईंनीही ठेवलं. मग मार्गदर्शकालाच राहवलं नाही. त्यानं हलक्या आवाजात सांगितलं की फुलपाखरं कुणी मोजत नाही. मोजतात ते हेक्टर.

ताईनं मान माझ्याकडं वळवली. तिचा चेहरा उजळला होता. इतक्या लांब येऊन शेवटी कुणीतरी समजेल असं बोललं होतं.

खरोखरच दर हिवाळ्यात सगळ्या वसाहतींनी व्यापलेलं जंगलाचं क्षेत्र मोजतात आणि तोच त्या वर्षीचा हिशेब. एका हेक्टरमागं फुलपाखरं किती यावर शास्त्रज्ञांतच एकमत नाही. कुणी एक कोटी म्हणतं, कुणी पाच कोटी. पण क्षेत्राचे आकडे पक्के आहेत. १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८.१९ हेक्टर. २०१३-१४ मध्ये ०.६७. मग थोडं वर, पुन्हा खाली. २०२३-२४ मध्ये ०.९०. २०२४-२५ मध्ये १.७९.

"एकरात सांग," ताई म्हणाली.

"साडेचार. तेही भरत नाहीत."

"एवढ्या मोठ्या अमेरिकेची सगळी मिळून साडेचार एकर?" ताई या वेळी खरोखर कुजबुजली. तिच्या धाकट्या दिराचा प्लॉट यापेक्षा मोठा आहे.

वर ढग होते. अर्धा तास आम्ही लटकलेले घोस बघितले. या अर्ध्या तासात सहलीतला माणूस कसा उघडा पडतो ते बघण्यासारखं असतं. आमच्या गटात एक पक्षीनिरीक्षक जोडपं होतं. त्यांना फुलपाखरांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी दुर्बीण लावली ती ओरिओल पक्ष्यावर. काळ्या पाठीचा हा पिवळा पक्षी आणि ग्रोसबीक नावाचा दुसरा एक, हे दोघं इथं येऊन मोनार्क खातात. मोनार्कच्या अंगात विष असतं. अळीपणी ते मिल्कवीड नावाच्या चिकाच्या झाडावर वाढतं, त्यातलं विष अंगात मुरवतं. खाणारे बहुतेक पक्षी ओकतात आणि पुन्हा वाटेला जात नाहीत. मारुतीला शनिवारी वाहतो ती आपली रुई याच मिल्कवीडच्या कुळातली, आणि तिच्यावर वाढणारं आपल्याकडचं प्लेन टायगर हे मोनार्कचं चुलत भावंड. तर ओरिओल हुशार. तो पोट फोडून आतलं आतलं खातो, विषारी कातडं टाकून देतो. ग्रोसबीकला विष पचतंच. आमच्या डोळ्यांदेखत एका ओरिओलनं असा नाश्ता मांडला आणि गटात सरळ दोन तट पडले. एक तट "अरेरे" म्हणत हात हलवून पक्षी हाकलू पाहत होता, दुसरा "वा वा, हलू नका" म्हणत फोटो काढत होता. दोन्ही तटांनी पैसे सारखेच भरले होते.

मग ढग सरकला. झाडावर ऊन पडलं आणि घोस आधी नुसता थरथरला. पंख उघडले, मिटले. पाठोपाठ सगळं झाडच उधळलं. किती उडाली असतील हे सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही. एवढंच सांगते की फुलपाखराच्या पंखांना आवाज असतो. एकाचा ऐकू येत नाही, लाखांचा येतो.

सगळ्यांनी मोबाइल वर केले. तो व्हिडिओ मी नंतर बघितला. निळ्या पट्टीवर नारिंगी ठिपके आणि मागं कुणाचा तरी श्वास.

एक फुलपाखरू माझ्या बाहीवर बसलं. अर्ध्या ग्रॅमचं वजन, कळतही नाही. काळ्या डोक्यावर आणि छातीवर पांढरे बारीक ठिपके, कुणीतरी सुईनं टोचून काढल्यासारखे नीट. पाय चारच दिसले. पुढची जोडी आखडून छातीशी धरलेली असते. मार्गदर्शकानं मागच्या पंखाच्या शिरेवरचा एक काळा ठिपका दाखवला: हा नर. माद्यांना तो ठिपका नसतो. फेब्रुवारी संपत आला की त्यांची लग्नसराई सुरू होते आणि मग नर माद्यांना हवेतून खाली पाडतात. वाटेवर जोड्याच जोड्या. मार्गदर्शक पुढं होऊन त्यांना अलगद बाजूला करत चालतो, कारण पर्यटक वर बघत चालत असतो.

मार्चमध्ये ही सगळी उत्तरेला निघतात. टेक्सासच्या आसपास अंडी घालून मरतात. पुढच्या पिढ्या महिना-दीड महिन्याच्या, पण टप्प्याटप्प्यानं कॅनडापर्यंत जातात. उन्हाळा सरताना जन्मणारी शेवटची पिढी आठ-नऊ महिने जगते आणि पुन्हा याच डोंगरावर येते. म्हणजे इथून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं. सूर्याकडं बघून दिशा धरतात, वेळेचा हिशेब ठेवणारं घड्याळ डोक्यावरच्या स्पर्शिकांत असतं. हे ऐकून पावलं मोजणाऱ्या गृहस्थांनी आपल्या मनगटाकडं जरा खिन्नपणे पाहिलं.

खाली उतरल्यावर भूक. पत्र्याच्या छपरांखाली चुली, चुलींवर कोमाल नावाचे मोठे तवे, आणि निळ्या मक्याच्या पिठाच्या पोळ्या. ताईनं चुलीपाशी बसलेल्या बाईच्या हाताकडं पाच मिनिटं बघितलं आणि पसंतीची मान हलवली. आत काय घालायचं? चीज आहेच, भोपळ्याची फुलं आहेत. भोपळ्याची फुलं म्हटल्यावर ताई विरघळली. पण तिसरा पर्याय बघून तिचे डोळे विस्फारले: उइतलाकोचे. म्हणजे बुरशी लागून काळी, फुगलेली मक्याची कणसं. तिथं ती चवीनं खातात, भावही चांगला मिळतो. "काणी पडलेलं कणीस आम्ही जाळून टाकतो!" ताई म्हणाली. मग तेच मागवलं. मग आणखी एक मागवलं.

खाता खाता भाचीनं फुलपाखरं का घटली ते सांगायला घेतलं. अमेरिकेच्या मका-सोयाबीनच्या पट्ट्यात पूर्वी पिकाच्या ओळींतून मिल्कवीड उगवायचं. तणनाशक सहन करणारी बियाणी आली, फवारणी वाढली, मिल्कवीड गेलं.

"तणच आहे ना ते? मग काढणारच," ताई म्हणाली. "तण काढलं म्हणून शेतकऱ्याला शिव्या घालायच्या का?"

या प्रश्नाला उत्तर देणं सोपं नाही, आणि शहरात राहून बाल्कनीत दोन कुंड्या लावणाऱ्यांनी तर ते देऊच नये. मेक्सिकोच्या बाजूला दुसरं दुखणं: झाड. ओयामेलचं जंगल या फुलपाखरांना छत्री आणि पांघरूण दोन्ही आहे, असं आयुष्यभर मोनार्कचा अभ्यास केलेले लिंकन ब्रोअर म्हणत. जंगल विरळ झालं की पाऊस थेट अंगावर येतो, आणि भिजलेलं फुलपाखरू कोरड्यापेक्षा लवकर गोठतं. जानेवारी २००२ मध्ये पावसामागून कडाका पडला तेव्हा कोट्यवधी फुलपाखरं झाडाखाली मरून पडली. तेव्हा झाडं तोडायची नाहीत. सरकारनं २००० साली ५६ हजार हेक्टरांवर राखीव क्षेत्र जाहीर केलं, २००८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. पण जंगल होतं गावाचं, आणि गाव लाकडावर जगत होतं. तोड सोडल्याबद्दल गावांना एका निधीतून भरपाई मिळते. तेवढ्यावर घर चालत नाही. चोरटी तोड चालूच असते आणि या राज्यात ॲव्होकाडोच्या बागा डोंगर चढताहेत. एल रोसारियोचे व्यवस्थापक होमेरो गोमेस गोन्सालेस आधी लाकडाच्या धंद्यातलेच. नंतर फुलपाखरांचे झाले, त्यांच्या गर्दीत उभं राहून व्हिडिओ करायचे, जगाला या म्हणायचे. जानेवारी २०२० मध्ये ते बेपत्ता झाले आणि दोनेक आठवड्यांनी त्यांचा मृतदेह सापडला. आमच्या सहलीच्या माहितीपत्रकात ही गोष्ट नव्हती.

ताई बराच वेळ चुलीकडं बघत होती. समोर घोडेवाले नव्या व्हॅनकडं धावत होते. मार्गदर्शक पुढचा गट गोळा करत होता. पोळ्या थापणारी बाई, टोप्या विकणारी मुलगी, स्वच्छतागृहाबाहेर नाणी घेऊन कागद देणारी आजी, सगळ्यांची एकच घाई. नोव्हेंबर ते मार्च एवढाच हंगाम.

"कळलं," ती म्हणाली. "फुलपाखरं नाही गं इथलं पीक. पीक आपण."

सहलीच्या बाईनं दिवसभर माइकवर जे सांगितलं त्यापेक्षा हे एक वाक्य मला जास्त पटलं. लाकूड गेलं, त्या जागी आम्ही आलो. आम्ही आलो नाही तर लाकूड परत येणार, हा सरळ हिशेब. म्हणून 'पर्यटक आले की निसर्गाची वाट लागते' असं मी इतरत्र कितीही म्हणत असले, तरी या डोंगरापुरतं म्हणणार नाही. इथं धक्काबुक्की करणारा, दोर ओलांडणारा पर्यटक नको. पण पर्यटक हवा.

तेव्हा जाणार असाल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी धरा. शनिवार-रविवार टाळा, तिथं गर्दीत दर्शनाला मोजून मिनिटं मिळतात. आदल्या रात्री कमी जेवा, पायऱ्या हळू चढा, वर तोंड बंद ठेवा. ढग असतील तर कुरकुर न करता बसून राहा. खाली आल्यावर गावातल्या चुलीवरच जेवा, व्हॅनमधला डबा उघडू नका. आणि पायात कितीही बळ असलं तरी घोडा घ्या.